सहाचे दोन कुणी केले

"तूच हात लावलास," नवरा म्हणाला, आणि तिथून पुढे घरातल्या एकाही माणसावर माझा विश्वास राहिला नाही.

सुट्टीची संध्याकाळ होती. नवरा आतल्या खोलीत कानांना हेडफोन लावून विमान उडवत होता, म्हणजे कॉम्प्युटरवर. आठवडाभर हा माणूस लोकांच्या कवळ्या घासून बसवतो आणि सुट्टी मिळाली की लढाऊ विमानात जाऊन बसतो. सोबत त्याचे मित्र आपापल्या घरून उडत असतात. त्यातल्या एकाला सगळे कॅप्टन म्हणतात. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. याला गेम म्हटलेलं यांना खपत नाही. सिम्युलेटर म्हणायचं.

तर त्या संध्याकाळी मागे शत्रू लागला म्हणून नवरा विमान पार खाली घेऊन पळत होता. ओझं कमी करावं म्हणून त्याने बॉम्ब सोडून दिला, आणि तो फुटला त्याच्याच पोटाखाली. विमान गेलं, हाही गेला, आणि हेडफोनमधून फुटलेलं कॅप्टनचं हसणं मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं.

"स्वतःच्याच बॉम्बने मेलो," नवरा बाहेर येऊन म्हणाला. तोंड असं, की जणू खरंच कुणी गेलंय. "तूच हात लावलास."

"मी तुझ्या बॉम्बला हात लावला?"

"फ्यूजला. फ्यूज सहावर होता, आता दोनवर आहे."

आमच्या वीज खात्यात फ्यूज म्हणजे स्वतः जळून घर वाचवणारी तार. यांच्यात फ्यूज म्हणजे बॉम्बच्या तोंडाशी बसवलेलं, तो कधी फोडायचा ते ठरवणारं यंत्र. मला कळेना यात माझा काय संबंध, तेव्हा त्याने समजावलं. राग आला की तो फार छान समजावतो.

"बॉम्ब सोडला की तो लगेच फुटण्याजोगा नसतो. त्याला जागं व्हायला वेळ लागतो. तो किती सेकंदांचा, हे विमान जमिनीवर असतानाच चकती फिरवून ठरवायचं. मी सहावर ठेवतो. म्हणजे खालून सुटला, तर जागा व्हायच्या आत जमिनीवर पडतो, झोपेतच. फुटत नाही. आपण वाचतो."

"आणि दोनवर ठेवला तर?"

"तर वाटेतच जागा होतो. आणि सोडला म्हणून काही तो मागे राहत नाही; आपल्याच वेगाने आपल्या पोटाखालून चालतो. जमिनीला लागला की बरोब्बर आपल्याखाली फुटतो. आधी या सिम्युलेटरमध्ये असलं काही नव्हतं. नवीन अपडेटमध्ये फ्यूज खऱ्यासारखे केलेत. आणि नेमकी तेव्हाच तू धूळ पुसलीस."

"मी त्या टेबलाची धूळ शेवटची कधी पुसली ते मला आठवत नाही, आणि तुला ते चांगलं माहीत आहे."

पण पटलं नाही त्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी. ठीक आहे, म्हटलं, मग चोर आता मीच शोधते.

चोर शोधणं हेच माझं काम आहे. मी वीज खात्यात मीटर तपासते. घरोघरी, दुकानोदुकानी जाऊन कुणी मीटरला हात लावलाय का ते बघायचं. सील तुटलेलं दिसतं, पण सील बघण्याआधी मी माणूस बघते. मीटरकडे जाताना जो दोन पावलं पुढे चालतो, जो न विचारता चहा टाकायला सांगतो, जो "बघा ना, काय लपवायचंय" म्हणतो, त्याच्याकडे पाणी मुरत असतं. खाई त्याला खवखवे. ही सवय घरी येताना दाराबाहेर ठेवता येत नाही. नवरा म्हणतो मी आरशातल्या बाईकडेसुद्धा ओळखपत्र मागेन.

घरात माणसं चार. मी नाही. नवरा स्वतःच्या बॉम्बशी असला खेळ करणार नाही. उरले सासू-सासरे. सासूबाई दुपारी दार लावून झोपतात आणि कॉम्प्युटरच्या खोलीला त्या "त्या भुताची खोली" म्हणतात. सासऱ्यांना टीव्हीचा रिमोट दिला तरी ते उलटा धरतात. म्हणजे माझ्यासमोर तरी उलटा धरत होते. आता त्याचाही मला संशय यायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी खोली तपासली. खुर्ची खाली केलेली होती. नवरा उंच आहे, तो ती वर ठेवतो. विमान चालवायची दांडी डावीकडे सरकवलेली होती. आणि टेबलाच्या कडेला गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास होता. ते मलम घरात एकच माणूस लावतो.

रात्रीच्या जेवणाला मी सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही त्या कॉम्प्युटरवर बसता का दुपारी?"

"मी? छे," सासरे म्हणाले. "तू पाणी घेतलं नाहीस, पाणी घे." आणि स्वतः उठून माझ्यासाठी तांब्या आणला.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी मला कधी तांब्या आणून दिला नव्हता. मी पाणी प्यायले. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भाजी वाढायला घेतली.

मग मला एक जुनं बोलणं आठवलं. नवऱ्याने त्या अपडेटचं कौतुक असंच जेवताना सांगितलं होतं. सासऱ्यांनी घास हातातच थांबवून विचारलं होतं, "एकदा वर गेल्यावर आकडा बदलता येतो?" नवरा म्हणाला, "नाही, आता नाही येत. खालीच लावून जायचं." सासरे म्हणाले, "बरोबर आहे. खालीच ठरतं ते," आणि परत जेवायला लागले. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

सासरे तरुणपणी हवाईदलात होते. उडायचे नाहीत. विमानाला बॉम्ब लावायचे, फ्यूज बसवायचे, चकती फिरवून आकडा ठरवायचे. आमच्या बैठकीत एका वैमानिकाचा फोटो आहे, कान मोठे, हसू त्याहून मोठं. ते सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. दोघे एकाच तळावर होते. सरावाच्या मैदानावर मामांनी बॉम्ब टाकला आणि तो त्यांच्याच विमानाखाली फुटला. त्या विमानाला बॉम्ब लावला होता सासऱ्यांनी.

चौकशी झाली. सासऱ्यांनी सांगितलं, फ्यूज नियमाप्रमाणे सहावर होता, दोष फ्यूजमध्येच असणार. तपासायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे निष्कर्ष निघाला नाही. पण सासूबाईंच्या माहेरी तो निघाला. त्यांचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "हात त्याचाच होता." सासूबाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा हात चुकत नाही," आणि तिथून उठून आल्या, त्या परत कधी गेल्या नाहीत. त्यांच्या आई वारल्या तेव्हाही नाही. त्या वेळी मी घरात नवीन होते. निरोप आला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं," आणि दिवसभर घरातली सगळी कपाटं काढून परत लावत बसल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, माझं मला कळतं कुठे काय आहे."

एका शब्दावर त्या बाईने माहेर सोडलं होतं: सहा.

आणि आता घरातला कुणीतरी सहाचे दोन करत होता.

मी पुढचे काही दिवस सोंग घेतलं. नेहमीसारखी डबा घेऊन निघायचे. मग एका दुपारी जवळच्याच गल्लीत तपासणी होती, ती आटोपून मी गुपचूप घरी आले. चपला बाहेरच काढल्या. सासूबाईंचं दार लावलेलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीचं अर्धवट उघडं होतं, आणि आतून विमानाचा आवाज येत होता, बारीक केलेला.

सासरे खुर्चीत ताठ बसले होते. चष्मा नाकावर, जीभ दातात. पडद्यावर विमान जमिनीवर उभं होतं. त्यांनी आकडा बदलला. सहाचे दोन केले. मग पुढे वाकून पडद्यावरच्या त्या आकड्याला नखाने टिचकी मारली, टक्, आणि मग विमान उडवलं.

ते छान उडवत होते, आणि याचा मला जास्तच राग आला. म्हणजे रिमोट उलटा धरणं हे नाटकच होतं! मैदानावर आले, ठराविक उंचीवर विमान सरळ केलं, बॉम्ब सोडला. खाली धूर, जाळ, आणि त्यांचं विमान हादरून पेटलं. ते गेले. त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं. दोन. टिचकी. तीच उंची. परत गेले.

मी दाराआड उभी राहून हिशोब जुळवत होते, आणि तो जुळला. मामा त्या दिवशी खालून गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. खालून टाकलेला बॉम्ब सहावर असता, तर झोपेत पडला असता. नवऱ्याने मला तेच तर समजावलं होतं. राहिला फ्यूजमधला दोष. पण दोष शोधणारा माणूस सहावर लावून बघेल ना? सासरे एकदाही सहावर लावत नव्हते. त्यांचा हात चुकत नव्हता आणि अडखळतही नव्हता. सहावरून दोनवर. ज्याने एकदा केलंय, त्याचाच हात असा जातो.

मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला, की तोंड कडू झालं. स्वतःचं नाव वाचवायला हा माणूस खोटं बोलला, आणि त्या खोट्यावर सासूबाईंनी आईचं शेवटचं तोंडही पाहिलं नाही. आणि हा दुपारी दार लोटून खेळतोय.

मी दार ढकललं. "बाबा."

ते दचकले नाहीत. दांडीवरचा हात तेवढा निघाला, आणि पडद्यावरचं विमान एका टेकडीवर जाऊन आदळलं.

"एकदा सहावर लावून बघा ना," मी म्हटलं. "तुम्ही तर सहावरच लावला होता."

ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "सहावर काही होत नाही. सहावर तो परत येतो."

मला वाटलं होतं ते नाकारतील, ओरडतील. नाकारलं असतं तर मला पुढे भांडता आलं असतं.

"त्याचे आधीचे बॉम्ब फुटले नव्हते," ते म्हणाले. "त्याला खालून टाकायची खोड. झोपेत पडायचे. सगळे त्याला कोंबडी म्हणायला लागले. अंडी घालून येतो, म्हणे. जेवायला बसला की कुणीतरी ताटाखाली अंडं ठेवायचं. वय काय त्याचं! फार लागलं त्याला. माझ्या मागे लागला, भाऊजी, दोन करा. मी म्हटलं, नियम सहाचा आहे. तो म्हणाला, मी खाली येणारच नाही, तुम्ही सांगाल त्या उंचीवर राहीन."

"आणि तुम्ही केला?"

"केला. उंची सांगितली. याच्या खाली यायचं नाही. हो म्हणाला. आमच्यात पद्धत असते, आम्ही आकडा लावायचा आणि वैमानिकाने विमानाभोवती फिरताना फ्यूजच्या छोट्या खिडकीत बघायचा. त्याने बघितला, टिचकी मारली, मला डोळा मारला, आणि गेला." त्यांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं मला वाटायचं, तो खाली आला. सांगूनसुद्धा आला. पोरकट होता, आला असेल. त्याच्यावर रागावता यायचं मला. आता या पोराच्या यंत्रात मी माझ्याच उंचीवरून टाकून बघतो. दरवेळी बॉम्बचे तुकडे लागतात. म्हणजे तो खाली आला नसेलही. मी सांगितलेली उंचीच कमी होती."

"हे यंत्र आहे बाबा. त्याला काय कळतंय?"

"तूच बघ. तुझा नवरा म्हणतो ना, सगळं खऱ्यासारखं केलंय."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मीटर पकडला की मी पंचनामा करते, सही घेते, पुढच्या घरी जाते. इथे पुढचं घर नव्हतं.

"हिला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिने माझ्या शब्दावर माहेर सोडलं. या वयात तिला कळलं, तर तिला जायला जागा राहणार नाही. ना तिकडे, ना इकडे."

"काय सांगायचं नाही मला?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. केस मोकळे, पदर खांद्यावर ओढलेला. झोपून उठल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्या दुपारी खरंच झोपत असतील का, असा मला पहिल्यांदाच संशय आला.

मी सासऱ्यांकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि खोटं बोलायला निघाले, "काही नाही आई, बाबा गेम..."

"दोन लावला होता ना?" सासूबाई त्यांना म्हणाल्या.

सासऱ्यांनी मान वर केली.

"आदल्या दिवशी तो आपल्याकडे जेवायला होता," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या कानाशी कुजबुजत होता. तुम्ही नाही नाही म्हणत होता. मी भाजी वाढता वाढता काय म्हटलं, आठवतंय?"

सासऱ्यांना आठवत होतं. ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"मी म्हटलं, द्या की त्याला काय हवंय ते. एवढा काय भाव खाताय. माझा एकुलता एक भाऊ आहे." त्यांनी पदर सारखा केला. "काय मागत होता ते मला माहीत नव्हतं. नंतर कळलं. कुणी सांगावं लागलं नाही."

"मला वाटलं तुझ्या लक्षात नाही," सासरे म्हणाले. "म्हणून तर मी चौकशीत... तुझ्यापर्यंत येऊ नये म्हणून..."

"माहीत आहे मला."

"मग माहेर कशाला सोडलंस? माझं खोटं माहीत असून?"

"गेले असते तर कधीतरी आईने विचारलं असतं. शेवटचा जेवला तेव्हा काय बोलला गं, म्हणून. आई ते विचारणारच. आणि आईशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुम्हीसुद्धा इतकी वर्षं मला माफ केलंय की मनात धरलंय, ते मला कळत नव्हतं. विचारायची भीती वाटायची. आता महिनाभर तुम्ही इथे येऊन बसता, मी भिंतीपलीकडून ऐकते. रोज तो एकच आवाज. फुटल्याचा."

मी तिथून जायला हवं होतं, पण गेले नाही. आयुष्यभर मी लोकांची सीलं तुटलेली बघत आले. इथे दोघांनी आपापलं सील इतकं जपलं होतं, की आत काय आहे ते एकमेकांनाही दाखवलं नव्हतं. आणि मी, घरातली तपासनीस, या बाईला भोळी समजत होते.

सासूबाई पुढे आल्या. खुर्चीच्या पाठीला धरून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "याच्यात सहा करता येतो?"

"येतो," सासरे म्हणाले.

"करा."

त्यांनी केला. हात या वेळी अडखळला. विमान जमिनीवर उभं होतं, आणि तेही तसेच बसून राहिले.

"टिचकी मारायचा ना तो?" सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासूनची खोड. कलिंगड बघितलं की टिचकी, मातीचं मडकं बघितलं की टिचकी. माझ्या डोक्यातसुद्धा." त्यांनी वाकून पडद्यावरच्या सहाला नखाने टिचकी मारली, टक्.

सासऱ्यांनी विमान उडवलं. ते मैदानावर आलं. त्याच उंचीवर सरळ झालं, मला वाटतं थोडं खालीच. बॉम्ब सुटला. सासूबाईंची बोटं खुर्चीच्या पाठीत रुतली होती. खाली मातीचा एक लहानसा लोट उठला, आणि बाकी काही झालं नाही. विमान पुढे गेलं.

"नाही फुटला," सासरे म्हणाले. "अंडं. हसतील त्याला सगळे."

"हसू देत की," सासूबाई म्हणाल्या. "उतरवा आता त्याला. सावकाश."